गुलाबदाणीचे पोचे

पोट

काळीपिवळी जीप मुर्रीच्या फाट्यावर थांबली, मी बसले आणि माझ्यामागून तो बाळ घेऊन आत चढला.

म्हणजे मला तसं वाटलं. निळ्या शालीत गुंडाळलेलं काहीतरी त्यानं छातीशी धरलं होतं — एक तळहात खालून, एक वरून. दिवाळी होऊन गेली होती. धान कापून झाल्यामुळे बांध्या उघड्या पडल्या होत्या आणि धुकं थेट रस्त्यावर येऊन बसलं होतं. गाडीला दार नव्हतं. वारा सरळ आत.

"डोकं झाका न त्याचं," मी म्हटलं. "थंडी लागन."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग शालीकडं. मग पुन्हा माझ्याकडं.

"झाकूनच आहे जी."

"किती महिन्यांचं आहे?"

"माह्या पणजीपेक्षा मोठं आहे."

समोरच्या बाया हसल्या. मी हसले नाही, मला राग आला होता. तेव्हा त्यानं शालीचं एक टोक बाजूला केलं, अगदी बाळाचं तोंड दाखवावं तसं. आत चांदी होती. लखलखली मात्र नाही. जुनी चांदी लखलखत नाही. ती नुसती… असते. त्या दिवशीच्या धुक्यासारखी.

गुलाबदाणी होती. गोल पोटाची, लांब गळ्याची, वर कमळाच्या कळीसारखं तोंड आणि त्याला बारीक छिद्रं. पोटावर दोन सारस कोरलेले. धानाच्या लोंब्यांत उभे, माना सरळ वर, चोची आभाळाकडं. मोर नाही, हत्ती नाही — सारस. म्हणजे कारागीर इथलाच. त्यानं हे पक्षी बांधीत उभे राहिलेले रोज पाहिले असणार.

माझा हात आपोआप पुढं गेला. अनोळखी माणसाच्या मांडीवरच्या वस्तूला असा हात लावायचा नसतो, हे मला कळतं. पण एका सारसाच्या नेमक्या पायावर पोचा पडला होता, आणि तो पक्षी लंगडा दिसत होता, आणि… बोट गेलंच.

"कोनाकडं नेऊन राहिले?"

"सराफ्यात शालीकराम म्हनून आहेत म्हने कोनी. नकशीवाले."

"त्यांचे डोळे गेले आता. ते काम नाही करत."

त्याचा चेहरा असा उतरला की मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली.

"मंग?"

"त्यांच्या हाताखाली शिकलेली एक पोरगी आहे. पण लय खडूस आहे म्हनतात."

"तुमी ओळखता का तिले?"

"थोडीफार."

गोंदियाच्या बाजारात उतरल्यावर मी पुढं, तो रस्ता विचारत मागं. मुन्नालालजींच्या दुकानात मागच्या खिडकीशी माझा पाट आहे. मी बसले, मांडीवर चामड्याचा तुकडा ओढला, चष्मा लावला. वर पाहिलं तर तो काउंटरला टेकून उभा. निळी शाल कवेत.

"खडूस?" त्यानं विचारलं.

"थोडीफार," मी म्हटलं.

&nbsp;

त्याचं नाव उमेंद्र. गाव दवनीवाडा. घरची धानाची शेती. मोटारसायकल त्या सकाळी मुर्रीजवळ बंद पडली, म्हणून तो काळीपिवळीत. नाहीतर… पण त्या 'नाहीतर'च्या पुढं मी अजूनही जात नाही.

गुलाबदाणी त्यांच्या घरची, पण वापरायची सगळ्या आळीनं. कुणाचंही लग्न असो, मांडवाच्या दारात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायला हीच जाते. मागच्या लग्नात पोरांनी ओढाताण केली आणि ती ओट्यावरून खाली आली.

"आता चैतात माह्या बहिनीचं आहे. दुर्गेश्वरीचं. तवा पायजे."

"चैताले लय वेळ आहे."

"हाव," तो म्हणाला. "लय वेळ आहे." आणि जाण्याऐवजी स्टूल ओढून बसला.

त्याला पोचा कसा काढतात ते पाहायचं होतं. अशा भांड्याच्या आत हात जात नाही. मग वरचं तोंड फिरवून काढायचं, एक वाकडी सळई गळ्यातून आत घालायची, तिचं टोक बरोबर पोच्याखाली आणायचं आणि बाहेर उरलेल्या दांड्यावर हलकेच हातोडी मारायची. दांडा थरथरतो. ती थरथर आत जाते आणि टोक उसळून चांदीला आतून बाहेर लोटतं.

"म्हनजे मारता इथं," उमेंद्र म्हणाला, "अना लागते तिथं."

"हाव."

"असं बी होते?"

मी हातोडी थांबवली नाही. थांबवली असती तर त्याला कळलं असतं.

पोचा निघाला तरी काम संपत नाही. जिथं चांदी दबली तिथं रेघा पुसट होतात, त्या पुन्हा उठवाव्या लागतात. मी त्या लंगड्या सारसाचा पाय उजेडात धरला.

"यातला नर कोनता?"

"नाही ओळखू येत. दोघं बी सारखेच राहतात."

"मग ते एकमेकांले कसे ओळखत असतीन?"

"बोंबलतात न. एकानं सुरू केलं का लगेच दुसरा. मान वर करून. आमच्या बांधीतून अर्ध्या गावाले आयकू येते."

"म्हनजे बोलाच लागते."

"बोला तर लागते…" तो म्हणाला.

आणि मग दुपार होईपर्यंत काहीच बोलला नाही.

गळा

पौषात तो पुन्हा आला. तीच शाल. मी ती ओळखली आणि मगच त्याला, असं मी मुन्नालालजींना सांगितलं. उलट होतं.

"आता का झालं?"

"पडली."

"कुठून?"

"फळीवरून."

मी गुलाबदाणी हातात फिरवली. पडलेलं भांडं पोटावर पडतं, कारण पोटच सगळ्यांत पुढं असतं. हा पोचा गळ्याला होता. लहान, गोल, नीटनेटका. गळ्याला असा पोचा पडायचा तर भांडं आडवं धरून कुणीतरी नेमकं तिथंच मारावं लागतं. मी पोच्याला नाक लावलं.

"लसूण."

"का?"

"लसनाचा वास येऊन राहिला. बत्त्यानं मारली न?"

उमेंद्रचे कान आधी लाल झाले, मग मान, मग तो सगळाच.

"…हळूच मारली."

"घरची वस्तू आहे ते! काऊन मारली?"

"मंग का करू?" तो पायाच्या अंगठ्याकडं पाहत म्हणाला. "पोटाचं काम तर तुमी करून टाकलं न."

मला हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला. पुढं मुन्नालालजी एका बाईला पैंजण दाखवत होते. त्यांना एकाएकी खोकला आला.

"पुन्हा असं केलं तर तोच बत्ता डोक्यात घालीन."

"मंग त्याचा पोचा कोन काढन?"

"सळई आहे माह्याकडं."

"तेच म्हनतो मी," उमेंद्र म्हणाला. "तेच तर म्हनून राहिलो."

राळ

त्यानं केलं ते सांगितलं. आता माझं सांगते.

रेघा उठवायच्या आधी भांड्यात राळ भरतात. राळ, विटेची भुकटी, थोडं तेल. कढईत वितळवायची, पातळ काळी झाली की गळ्यातून ओतायची. आत ती घट्ट बसते आणि वरून कलम, रेघा उठवायची बारीक छिन्नी, मारलं तरी चांदी खचत नाही, कारण तिला आतून कुणीतरी धरून असतं. पोटातली राळ घट्ट व्हायला फारतर एक सकाळ जाते. अंगची ऊब तेवढी संध्याकाळपर्यंत राहते.

मी त्याला सांगितलं, "अजून नाही जमली. बुधवारी या."

तो बुधवारी आला.

"नाही जमली. हवा ओली आहे न. पुढच्या बुधवारी."

तो पुढच्या बुधवारी आला. तळ्यातले शिंगाडे घेऊन आला. त्याच्या पुढच्या वेळी बोरं. मग लाखोळीची भाजी, त्याच्या हातची खुडलेली, अजून दवानं ओली. मी कलम बाजूला ठेवून बोरं खायची, तो काउंटरवर कोपर टेकून गावचं सांगायचा. कुणाच्या बांधीत सारसाची जोडी उतरली, दुर्गेश्वरीनं नवऱ्या मुलाचा फोटो किती वेळा पाहिला, आईनं तिला कसं पकडलं.

मुन्नालालजी राजस्थानातले नाहीत की कुठले नाहीत, गोंदियातच जन्मले, पण बोलतात गोंदियातल्या बाजारासारखं. एक दिवस ते दुकानभर ऐकू जाईल असं ओरडले —

"अरे रामटेके! ये राल है कि कुल्फी? महीने भर से जम रही है!"

मी मान वर केली नाही. उमेंद्रनं बोराची बी गिळली.

माघात एकदा दुपारीच आभाळ काळं झालं. अवकाळी. आधी वारा, मग टपोरे थेंब, मग गारा… पत्र्यावर कुणी शेंगा ओतत असावं तसा आवाज. वीज गेली. मुन्नालालजी अर्धं शटर ओढून बाहेर गारा वेचायला पळाले, साठीचा माणूस. आत अंधार आणि आम्ही दोघं, आणि मधे गुलाबदाणी, तिच्या पोटात नुकतीच पुन्हा वितळवून भरलेली राळ.

कलम चालवण्याइतका उजेड नव्हता. त्याचे केस ओले होते, बोटं गारठलेली.

"हे धरा," मी म्हटलं. "गरम आहे."

त्यानं दोन्ही तळव्यांत ते पोट धरलं. डोळे मिटले. मग म्हणाला,

"तुमी बी धरा न. एकट्यासाठी लय गरम आहे."

मी माझ्या बाजूनं धरलं. त्याची बोटं एका सारसावर, माझी दुसऱ्या. बोटांना बोटं लागत नव्हती. मधे थोडं धान होतं, कोरलेलं. त्याच्या श्वासाला बोरांचा वास होता. गारांचा आवाज कमी झाला, मग नुसता पाऊस, मग पागोळ्या.

राळ कधीच गार झाली होती.

दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही.

वीज आली तेव्हा तो म्हणाला, "तुहे हात लय लहान आहेत." तिथं 'तुमी' संपलं. मी म्हटलं, "तुह्या हातात भांडी टिकत नाहीत, तू बोलू नको."

तोंड

फाल्गुनात मुर्रीपासून बाजारापर्यंतचे पळस पेटले. आणि तो तिसऱ्यांदा भांडं घेऊन आला.

या वेळी त्यानं बहाणाही केला नाही. शाल उघडली आणि उभा राहिला. वरची कळी एका बाजूला झुकलेली, आणि पोटाला खोल पोचा, पुन्हा त्याच सारसाच्या पायावर.

मी हसायला लागले होते. मग अंगठा दाबला आणि हसू गेलं.

चांदी टक् करून आत गेली, टक् करून बाहेर आली. डब्याच्या पत्र्यासारखी. सारसाच्या पायाची रेघ, मी स्वतः उठवलेली, तिच्यात केसासारखी एक चीर दिसत होती.

चांदी ठोकली की कडक होते. मऊ करायला तापवावी लागते. तापवली की पुन्हा ठोकता येते. पण दर वेळी ती थोडी पातळ होते, आणि जुन्या कामात ती रेघेतच आधी फाटते, कारण तिथं ती आधीच कमी असते. हे मला माहीत होतं. शालीकराम काकांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तरी मी दर वेळी हसून भांडं हातात घेतलं होतं.

"उमेंद्र, हे आता शेवटचं."

"काऊन?"

"चांदी थकली. आणखी एक पोचा, अना इथून फाटन. डाग देऊन जोडलं तर सारस जाईल. तो मग कोनालेच परत आनता येत नाही."

तो एकदम पांढरा पडला. त्यानं गुलाबदाणीकडं हात पुढं केला आणि लावला नाही.

"मले वाटे… तू नीट करून देते न दर वेळी. मले वाटे होऊन जाते."

"मीबी थांबवलं नाही तुले."

मी सळई आत घातली. इतक्या हळू मी आयुष्यात मारलं नसेल. तो बाजूला बसून राहिला. दुपार गेली. मग मी मान खाली ठेवूनच विचारलं,

"तू मले कधी आडनाव नाही विचारलं."

देवघरातली भांडी घेऊन येणारी काही माणसं विचारतात. काउंटरवरून वाकून, हळू आवाजात, आपुलकीनं. मी सांगते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, ते नाव आम्ही कधी खालच्या आवाजात घेतलं नाही. काही जण मग भांडं ठेवतात. काहींना आठवतं की आज घाई आहे.

"मुन्नालाल सेठ दिवसभर रामटेके-रामटेके करते," उमेंद्र म्हणाला. "इचाराची का गरज?"

"म्हनजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हाव."

"मग?"

"मंग का? मले का फरक पडते?"

"अना घरी?"

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती होत नव्हती. मी ते संपेपर्यंत थांबले.

"घरी मी…" तो म्हणाला, "घरी मी गुलाबदाणीचंच नाव सांगतो."

मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मीही घरी काय सांगत होते? काम वाढलं, एवढंच.

काम झालं. मी भांडं मंद आचेवर फिरवलं आणि राळ ओतून काढली. राळ भरलेली असताना चांदीवर टिचकी मारली तर दगडासारखी वाजते. रिकामी झाली की तिला आवाज येतो. मी टिचकी मारली. तो आवाज दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेला. बराच वेळ राहिला.

उमेंद्रनं तो पूर्ण ऐकला.

"मंग आता मी कायले येऊ?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. अगदी टोकावर. पण ते मी दिलं असतं तर तोही पुन्हा एक बहाणाच झाला असता, मी घडवून हातात दिलेला.

"ते तू सांग," मी म्हटलं.

त्यानं शाल गुंडाळली. हळूहळू. एक घडी, दुसरी घडी. ओठ हलले… मग तो वळला. दाराशी थांबला. मग तेही नाही.

टुक

टुक.

आज बुधवार आहे. टुक. बुधवारचं काय विशेष आहे? टुक. काही नाही.

टुक टुक.

काउंटरला कुणीतरी टेकलं. टुक — चुकला ठोका. पैंजणवाली बाई होती.

टुक.

पळसाची फुलं गळाली. आता नुसते काळे देठ. टुक. बोरांचा हंगामही गेला. टुक. बाजारात शिंगाडे सुके मिळतात, पांढरे, ओळखू न येणारे. टुक टुक. मी पावशेर घेतले. टुक. खाल्ले नाहीत.

मुन्नालालजी हल्ली ओरडत नाहीत. टुक. "रामटेके" सुद्धा हळू म्हणतात. टुक. ते जास्त लागतं.

मारते इथं.

टुक.

&nbsp;

मग एक दिवस त्यांनी माझ्या पाटाशी येऊन एक पत्रिका ठेवली. हळद लावलेली. दवनीवाडा. वधू दुर्गेश्वरी. वर नाव, 'मुन्नालालजी एवं परिवार'.

"मैं तो नागपुर जा रहा हूँ उस दिन," ते म्हणाले, छताकडं पाहत. "तू चली जा. ये चाँदी का सिक्का ले, आहेर में दे देना. बोलना, दुकान की तरफ से आई हूँ."

दुकानाच्या तर्फे.

किती सोपं होतं. नाणं हातात, तोंडात दुकानाचं नाव, आणि मी मांडवात. कुणी काही विचारलं नसतं. मी त्याला दुरून पाहिलं असतं, जेवले असते, परत आले असते.

त्याला मी सांगितलं होतं, ते तू सांग. आणि माझ्या मुठीत आता हे नाणं, राळ भरलेल्या भांड्यासारखं मुकं.

मी ते मुन्नालालजींच्या गल्ल्यावर परत ठेवलं. "कोनाच्याच तर्फे नाही जात, सेठ."

ते आता छताकडं पाहत नव्हते. "तो फिर क्या बोलेगी वहाँ?"

"पाहू न."

घरी आईनं, सुमनबाईनं, मला चांगली साडी काढताना पाहिलं.

"कोनाचं लगन आहे?"

"ओळखीच्या घरचं."

"कोनत्या ओळखीच्या?"

"आई… तेच सांगाले चालली."

आईनं निऱ्या धरल्या, खाली बसून, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त घट्ट ओढल्या.

बैठक

चैताची दुपार. गावाबाहेर मोह गळत होता आणि त्याचा गोड, जड वास थेट मांडवापर्यंत आला होता. बँडवाले घामानं भिजून वाजवत होते. वरात नुकतीच आली होती, आणि दारात पाहुण्यांची रांग लागली होती. मी तिच्यात उभी राहिले, बायांच्या मागं.

दारात उमेंद्र होता. नवा शर्ट, कपाळाला टिळा, हातात गुलाबदाणी. प्रत्येकावर एक झटका. थेंब, हसू, "या जी." एक झटका, "या जी." त्याचे डोळे खोल गेले होते. तो वाळला होता. हे पाहून मला वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र… बरं वाटलं. देवाशप्पथ नाही, पण खरं सांगते.

त्याच्याशेजारी त्याची आई. सुशिलाबाई. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण कान तेच. मुलीच्या लग्नातली आई असते तशी, हातात यादी नाही पण सगळी यादी डोळ्यांत.

माझी पाळी आली. उमेंद्रचा हात वर गेला आणि तिथंच राहिला.

त्याच्या ओठांवर 'या' आलं. 'जी' आलंच नाही.

"कोनाकडची व बाई तू?" सुशिलाबाईनं विचारलं. "पोराकडची का पोरीकडची?"

साधा प्रश्न होता. पोराकडच्यांना डावीकडं, कुलरसमोर बसवायचं, आधी सरबत. पोरीकडच्यांनी उजवीकडं बसायचं, पाहुण्यांचं झाल्यावर जेवायचं. तिला मला फक्त बरोबर जागी बसवायचं होतं.

'मी दुकानातून आले.' तीन शब्दांचं काम. गुलाबदाणी मीच नीट केली म्हटलं असतं तर तिनं माझा हात धरून मला आत नेलं असतं.

"पोराकडची नाही जी," मी म्हटलं. "पोरीकडची बी नाही." मी ओरडून बोलत होते, बँडमुळं. आणि नेमका तेव्हाच बँड थांबला. "मी उमेंद्रकडची."

सगळ्या दारानं ते ऐकलं.

उमेंद्रच्या हातातली गुलाबदाणी आडवी झाली आणि धार लागली ती माझ्या मागच्या एका म्हाताऱ्याच्या फेट्यावर.

"अरे अरे! आंघोळ घालतो का रे पोट्ट्या!"

कुणी हसलं. सुशिलाबाई हसली नाही. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग मुलाकडं वळली.

"काय म्हनून राहिली रे हे?"

मी त्याच्या गळ्याकडं पाहत होते. तिथं काहीतरी वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. किती वेळ लागतो माणसाला. किती वेळ लागला होता मला.

"खरं म्हनून राहिली, आई," तो म्हणाला. आवाज फाटला, तरी थांबला नाही. "माह्याकडचीच आहे. मी बोलावलं नाही तिले… बोलवाले पायजे होतं. चूक माही आहे."

"नाव?"

"समीक्षा," मी म्हटलं.

"आडनाव?"

"रामटेके. मुर्रीचे."

बँड पुन्हा सुरू झाला. सुशिलाबाईच्या चेहऱ्यावर ते नाव गेलं, फिरलं, भिंतींना लागलं. भाऊबंद कोण कुठं बसलेत, व्याही काय म्हणतील, आळी काय म्हणेल, सगळं मला तिथं दिसत होतं. मी पाय घट्ट रोवून उभी राहिले. परत जायचं असेल तर ती सांगेल. मी स्वतःहून जाणार नव्हते.

तिनं उमेंद्रच्या हातातून गुलाबदाणी ओढून घेतली.

"आन इकडं. सारं पानी सांडवलं." माझ्या मागच्या बायांवर तिनं एक झटका दिला. "या व बाई, या." मग दुसऱ्यांवर. मग, माझ्याकडं न पाहता, हात तसाच फिरवत, एक माझ्यावर. थंड थेंब. मानेवर, कानामागं.

"आज माह्या पोरीचं लगन आहे," ती म्हणाली. "आज मी कोनाशीच भांडत नाही. उद्या भांडीन. जाय आत, बस. ऊन लागन."

मी आत गेले. डावीकडच्या खुर्च्या भरलेल्या. उजवीकडच्याही. सगळी डोकी वळली होती, काही पुन्हा पुढं वळली, काही नाही. मधे नवरा-नवरीला जायला सोडलेली वाट होती, तेवढीच रिकामी.

मागून पावलं आली. उमेंद्रनं मांडवाच्या खांबाशी रचलेल्या ढिगातून एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि ती दोन्ही हातांत धरून माझ्याशेजारी उभा राहिला. डावीकडं पाहिलं. उजवीकडं पाहिलं.

"कुठं ठेवू?"

"उद्यापर्यंत कुठंबी ठेव."

त्यानं ती तिथंच ठेवली. मधोमध, सगळ्यांच्या वाटेत.

मग दुसरी आणायला गेला.